सुट्टीचा फॉर्म

मला कुणी 'मास्तर' म्हटलं की हल्ली माझं डोकं सणकतं. मी मास्तर नाही, कधीच नव्हतो. परळच्या एका मोठ्या खासगी इस्पितळात धुऊन आलेल्या चादरी मोजून घेणं, त्यांच्या घड्या घालणं आणि वॉर्डावॉर्डात पोचवणं, हे माझं काम. इस्पितळाचं नाव लिहीत नाही, कारण इस्पितळाच्या मते आम्ही त्यांचे नाहीच. आम्ही कंत्राटदाराचे. कंत्राटदाराला मी बारा वर्षांत दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा गाडीत बसताना. आमचा खरा धनी म्हणजे सुपरवायझर, आणि मला मास्तर हे नाव त्यानेच ठेवलं.

त्याला कारण माझं अक्षर. ते चांगलं आहे, म्हणजे खरोखरच चांगलं आहे. लालबागच्या आमच्या चाळीत मंडळाचा फळा मी बारावीत असल्यापासून लिहितो. कुणाची लग्नपत्रिका असो, मयताची सूचना असो, पाणी न येण्याची बातमी असो, खडू माझ्याच हातात. बारावीनंतर शिक्षण सुटलं, अक्षर तेवढं राहिलं. माझे वडील गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. तेही जन्मभर कापडाच्या घड्याच घालत आले. आधी बदली कामगार म्हणून लागले, मग कायम झाले, आणि त्यांचा गिरणीतला नंबर त्यांना मरेपर्यंत पाठ होता. आईला पाठ होता, मला पाठ होता. माझा कामावरचा नंबर मात्र मला पाठ नाही. तो का नाही, हेच सांगायला बसलोय.

सकाळी सातला गेटवर कार्ड लावायचं, ते चार वाजेपर्यंत. चारला निघायची पद्धत नाही, त्यामुळे पाच, साडेपाच. लालबागहून मी चालत जातो आणि चालत येतो. तब्येतीसाठी चालतो असं शेजाऱ्यांना सांगतो. बायको माटुंग्यात तीन घरी पोळीभाजी करते. मुलगी कॉलेजात आहे, संध्याकाळी चाळीतल्या पोरांच्या शिकवण्या घेते. मी दारू पीत नाही, तंबाखू खात नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. आणि तरी वीस तारखेनंतर आमच्या घरात मासळी येत नाही. मालवणी माणसाच्या घरात! कुणी पाहुणा आला की बायको म्हणते, 'आज नेमका आमचा वार आहे.' आमच्या घरात महिन्याचे शेवटचे दहा दिवस रोजच कुठल्या ना कुठल्या देवाचा वार असतो.

मागे एकदा इस्पितळाने आम्हाला हॉलमध्ये बसवून बचतीवर भाषण ठेवलं. भाषण द्यायला आलेली बाई तरुण होती, गोड बोलत होती. म्हणाली, नुसता बाहेरचा चहा बंद केलात तरी वर्षाकाठी केवढे तरी पैसे वाचतात. आमच्यात एक मावशी होत्या, चिपळूणकडच्या, सगळ्यात जुन्या. त्या मागच्या रांगेतून म्हणाल्या, "बाहेरचा चहा कोण पितो गो बाय, आम्ही घरचा पण अर्धा-अर्धा पितो." सगळे हसले, ती बाईसुद्धा हसली. मला हसू आलं नाही. मला तिला विचारायचं होतं की बाई, दिवसाचे दहा तास उभा असलेल्या माणसाला चहा सोडायला सांगताना तुमच्या जिभेला काही होत नाही का? विचारलं नाही. माझा राग तेव्हा असाच आतल्या आत जिरायचा.

आता गणपतीचं सांगतो. लालबागच्या माणसाची तऱ्हा अशी की गणपतीत सगळी मुंबई लालबागला येते आणि लालबागचा कोकणी माणूस गावी पळतो. आमचं गाव कणकवलीच्या पुढे आतल्या बाजूला. घराचा गणपती एकच, आम्हा तीन चुलत घरांचा, आणि तो पाळीने करायचा. पाळी तीन वर्षांनी येते. पाळी असो नसो, जायचं म्हणजे जायचंच. आजारी माणूस जातो, उधारी करून जातो. नोकरी गेली तरी चालेल असं म्हणत जाणारे मी लहानपणापासून पाहत आलोय. बाकी वर्षभर आमचा काय तो अपमान करा, पण गणपतीला अडवू नका, एवढंच आमचं मागणं. हे मागणं कंत्राटदाराला आमच्याआधी कळलं होतं.

मी लागलो त्या वर्षीचीच गोष्ट. गणपतीला पंधरा दिवस होते आणि मला सुट्टी मिळेल की नाही या काळजीने जेवण जात नव्हतं. नवीन माणूस, कुठल्या तोंडाने मागणार? एक दिवस सुपरवायझरने स्वतःच मला बोलावलं. तो देवगडकडचा, आमच्याच बाजूचा. म्हणाला, "गणपतीला जायचं असेल ना? जा की. दहा दिवस जा. आपल्या माणसांना मी कधी अडवत नाही. फक्त एक फॉर्म भरायचा." मला गहिवरून आलं. मी त्याच्या पाया पडायचा तेवढा राहिलो.

फॉर्म इंग्रजीत छापलेला होता. मी नाव भरलं, तारीख भरली. माझं अक्षर बघून तो खूश झाला. "अरे, तू तर मास्तर निघालास! बाकीच्यांचे पण भरून दे. यांच्या सह्या घेता घेता माझे दोन दिवस जातात." आणि मग मालवणीत, हळूच, "मास्तरानू, तुमका एक दीस आधी सोडतंय. गणपती घरात आणूक व्हयो ना?"

एक दिवस आधी! ज्याने हरितालिकेच्या दिवशी दुपारी धावतपळत गाव गाठलंय, त्यालाच त्या एका दिवसाची किंमत कळेल. गावात मूर्ती घडवतात त्या जागेला आमच्याकडे गणपतीची शाळा म्हणतात. त्या शाळेतून मूर्ती डोक्यावर घेऊन, पाऊस चुकवत, शेताच्या मेरेवरून घरी आणायची. हे काम घरच्या कर्त्याचं. एक दिवस आधी पोचलो की ते मला मिळणार होतं. माझं काळीज तिथेच विकलं गेलं.

आता जे लिहितोय ते लिहायला मला कष्ट पडतात. त्या फॉर्मवर वरती ठळक छापलं होतं, 'रेझिग्नेशन'. राजीनामा. खाली लिहिलं होतं की मी स्वतःच्या मर्जीने, वैयक्तिक कारणासाठी नोकरी सोडत आहे आणि मला कंपनीकडून काहीही येणं नाही. मला तेवढं इंग्रजी वाचता येत होतं. मी विचारलंही, "साहेब, हे तर राजीनाम्याचं आहे." तो म्हणाला, "अरे, नुसती फॉर्मॅलिटी. कॉम्प्युटरमध्ये कंत्राटी माणसाला दहा दिवस सुट्टी टाकायची सोय नाही. म्हणून इकडून काढायचं, तिकडून घालायचं. परत आलास की कार्ड तयार." मी सही केली. आणि बाकीच्यांच्या सह्या घेत फिरलो तेव्हा प्रत्येकाला सांगितलं, "सुट्टीचा फॉर्म आहे, इथे सही कर."

एकदा नव्हे. अकरा वर्षं.

परत आलो की खरोखरच कार्ड तयार असायचं. दरवर्षी नवं कार्ड, नवा नंबर, नवा फोटो. आम्ही फोटोसाठी गंध लावून, केस विंचरून उभे राहायचो. कुणाचं पोट सुटलं, कुणाचं टक्कल वाढलं, यावर मस्करी चालायची. पगारसुद्धा नव्या माणसाचाच. नवीन लागणाऱ्याला जो दर, तोच आम्हाला. दर वाढला की सगळ्यांचा सारखाच थोडा वाढायचा, त्यामुळे आपलं काही चुकतंय असं वाटायचं नाही. पाच वर्षांचा माणूस आणि पाच दिवसांचा माणूस एकाच पगारावर, आणि आम्ही त्याला समानता समजत होतो.

फक्त एका बाईचं कार्ड कधी बदललं नाही. नायगावच्या चाळीत राहणारी ताई. ती माझ्याच वर्षी लागली. पहिल्या गणपतीला मी तिच्यापुढे फॉर्म धरला तेव्हा तिने विचारलं, "हे कशाला?"

"गणपतीच्या सुट्टीचं."

"आम्ही बौद्ध. आमच्याकडे गणपती बसत नाही. मला सुट्टी कशाला?"

"अगं, दहा दिवस आराम कर. सगळेच करतायत सही."

"आधी वाचते, मग बघू," म्हणाली आणि फॉर्म घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी कोराच परत दिला. "माझा बाप सांगून गेलाय, वाचल्याशिवाय सही करायची नाही. आणि वाचल्यावर तर मुळीच करणार नाही." माझ्याकडे अशी बघत होती की मला तिचा संतापच आला. काय बाई आहे, एवढा चांगला साहेब, आणि हिचा हेका! सुपरवायझरने तिला मळक्या बाजूला टाकलं. म्हणजे वॉर्डातून येणाऱ्या रक्ताच्या, शीच्या, पुवाच्या चादरी निवडायच्या. मला वाटलं, बरं झालं. हे मला वाटलं होतं, मीच लिहितोय. आणि आम्ही तिच्या कार्डावरच्या जुन्या फोटोवरून तिला चिडवायचो. "ताई, तुझा फोटो बघ, अजून लग्नातला आहे." ती म्हणायची, "असू दे."

मावशींचे गुडघे दोन वर्षांपासून बोलत होते. गेल्या मे महिन्यात त्यांनी हात टेकले आणि काम सोडलं. आम्ही वर्गणी काढून त्यांना साडी घेतली. पंधरा वर्षं इथे काढली, आता ग्रॅच्युइटी मिळेल, गुडघ्याचं ऑपरेशन करून घेते, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. सरकारी इस्पितळात नंबर लागला होता, गुडघ्यात बसवायच्या सामानाचे पैसे तेवढे भरायचे होते. नवरा नाही, मुलगा वेगळा राहतो. तो पैसा आला तर चालणार, नाही तर खाटेवर बसणार, एवढा तो हिशेब सरळ होता.

आठ दिवसांनी त्या माझ्याकडे आल्या. मी इस्त्रीच्या टेबलापाशी उभा होतो. लंगडत आल्या, टेबलाचा आधार घेतला आणि हातातला कागद माझ्यापुढे ठेवला.

"मास्तर, हापिसात म्हणतात मी गेल्या सप्टेंबरात लागले. हा कागद दिला आणि म्हणतात, तुमची सही आहे. सही माझीच आहे. अक्षर तुझं आहे. वाच बघू, काय लिहिलंय?"

मी म्हटलं, "मावशी, बाहेर बसू या."

"इथेच वाच. मोठ्याने वाच."

मी वाचलं. इंग्रजीतून मराठी करत, माझ्याच सुंदर अक्षरातलं त्यांचं नाव, माझ्याच सुंदर अक्षरातली तारीख, आणि त्यांच्या मर्जीने त्यांनी सोडलेली नोकरी. 'काहीही येणं नाही' इथे आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "हे असंच छापलं होतं? दरवर्षी?"

"हो."

"तू वाचलं होतंस?"

मला खोटं बोलता आलं असतं. इंग्रजी अवघड होतं म्हणालो असतो तर त्यांनी मानलंही असतं. पण त्या क्षणी मला स्वतःचा इतका राग आला की खोटं बोलायलाही जीव होईना. मी हो म्हणालो.

त्या ओरडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. कागदाची घडी घातली, नीट, चार पदरी, आम्ही उशीच्या अभ्र्यांची घालतो तशी. पिशवीत ठेवली आणि गेल्या. दिल्या असत्या शिव्या तर फार बरं झालं असतं.

त्या दिवशी मी सुपरवायझरकडे गेलो. म्हटलं, "साहेब, मावशींचं काहीतरी करा. पंधरा वर्षं झाली." तो फोनवरून मान वर न करता म्हणाला, "ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात. कागदावर आठ महिने आहेत." मी म्हटलं, "कागद तुम्हीच करायला लावलात." तेव्हा त्याने मान वर केली. "मी? अक्षर कुणाचं आहे, मास्तर?" आणि हसला. असा हसला की टेबलावरचा पेपरवेट उचलून त्याच्या दातावर मारावा असं वाटलं. अकरा वर्षं ज्याला देवमाणूस म्हणत होतो, ज्याच्या घरी गावाहून दरवर्षी आठवणीने सोलं आणि कोकमाचं आगळ पोचवलं, तो हा. आमच्याच बाजूचा! त्याचं स्वतःचं कार्ड मात्र कायमचं, त्याला कधी इकडून काढून तिकडून घातलेलं नाही.

मळक्या बाजूला ताई मास्क लावून चादरी निवडत होती. मी जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "तुझं कार्ड दाखव."

तिने हातमोजा काढला आणि गळ्यातलं कार्ड पुढे केलं. फोटो पिवळा पडलेला, लागल्याची तारीख बारा वर्षांपूर्वीची. मी माझं कार्ड पाहिलं. मी सप्टेंबरात लागलेला होतो. मग तिने पगार सांगितला. दरवर्षी थोडी थोडी वाढ धरून तो माझ्यापेक्षा बराच जास्त होता. मळक्या बाजूला टाकून तिला जी शिक्षा केली म्हणून मी खूश होतो, त्या शिक्षेचा पगार माझ्या बक्षिसापेक्षा मोठा होता.

"मला तेव्हाच नीट समजावून का नाही सांगितलंस?" मी चिडून विचारलं. माझा चिडायचा काय हक्क होता कोण जाणे.

"सांगितलं होतं की," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, तुला गणपती नाही, तुला काय कळणार."

मी तसं म्हणालो होतो. मला आठवलं.

यंदा पाळी आमची होती. आईचा फोन जूनपासूनच सुरू. शेणाने खळं सारवायचं कोण, गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी कोण बांधणार, भजनाला चहा किती जणांचा. आणि दर फोनच्या शेवटी, "येतलंस मा? तू नाय इलंस तर पूजेक कोण बसतलो?" मी हो हो म्हणत राहिलो. गणपतीला पंधरा दिवस राहिले तेव्हा सुपरवायझरने नेहमीसारखा फॉर्मचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला, जणू मधे काही झालंच नव्हतं. "मास्तर, एक दीस आधी, हां!"

मी गठ्ठा घेऊन जेवणाच्या खोलीत गेलो. सतरा माणसं डबे उघडून बसली होती. मी उभ्यानेच सांगितलं. हा सुट्टीचा फॉर्म नाही, राजीनामा आहे. पहिल्या वर्षापासून मला माहीत होतं. मावशींचे पैसे यानेच बुडाले. मी भरले फॉर्म, मी खोटं बोललो, आणि मला त्याबद्दल एक दिवस मिळत होता. बोलताना माझा आवाज चढत गेला. मला वाटलं, आता कुणीतरी उठून माझी गचांडी धरणार.

कुणी उठलं नाही. वॉर्डात ट्रॉली नेणारा एक जण, रत्नागिरीचा, पोळीचा तुकडा मोडत म्हणाला, "माहीत होतं रे मास्तर. इंग्लिश नाय येत, पण एवढं डोकं आहे. असला साहेब दहा दिवस फुकट सोडतो काय?"

"मग सही का केलीस?"

"तू का केलीस?"

तो पुढे म्हणाला, "आणि आता काय करायचं बोल ना. गणपती सोडायचा? माझी एसटी बुक आहे, म्हातारा वाट बघतोय." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मी सही करणार नाही, जाणारही नाही. ज्याला जायचं त्याने जावं, पण सही करताना ती कशावर करतोय ते कळून करावी. फॉर्म मी भरणार नाही. दोन बायका आणि तीन पुरुष, असे पाच जण माझ्यासोबत राहिले. बाकीच्यांनी आपापले फॉर्म आपापल्या हाताने भरले. वेडीवाकडी, मोठमोठी अक्षरं. मला त्यांचा राग आला नाही असं म्हणणं खोटं ठरेल, खूप आला. पण त्यांच्या जागी अकरा वेळा मी होतो.

सुपरवायझरने मला समोर बसवून सांगितलं की सही नाही तर सुट्टी नाही, आणि सुट्टी न घेता गेलास तर परत आल्यावर गेटवर कार्ड चालणार नाही. मी म्हटलं, कामावर येतो. त्याला वाटलं मी नमणार. त्याला खात्री होती, आमच्या सगळ्यांची त्याला खात्री असते. आमच्या देवाला त्याने आमच्या गळ्यातली दोरी करून ठेवली होती, आणि दोरी ओढायला मीच त्याच्या कामी येत होतो.

आईला फोन करून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या बापाशीन संपात सुदीक गणपती चुकवल्यान नाय." मी म्हटलं, आई, बाबांचा नंबर आठवतो? तिने चटकन सांगितला. मी म्हटलं, माझा आठवतो? तिला कुठून आठवणार. मग मी तिला सगळं सांगितलं, मास्तर होण्यासकट. ती नुसतं हूं हूं करत राहिली आणि फोन ठेवला.

बायकोला माटुंग्याच्या घरांनी पाच दिवस दिले, बिनपगारी. ती आणि मुलगी गावी गेल्या. चतुर्थीच्या दिवशी मी सकाळी सातला कार्ड लावलं. माणसं नव्हती म्हणून मला मळक्या बाजूला उभं केलं. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत मी पूर्ण दिवस काढला. ताईने मला हातमोजे दिले आणि सुई राहिलेली असते, झटकू नका, उलगडून बघा, असं सांगितलं. थोड्या वेळाने विचारलं, "वास येतो?"

"येतो."

"दोन आठवड्यांनी येईनासा होतो. तेव्हा मला स्वतःचीच भीती वाटली होती."

दुपारी आईचा फोन आला. मागे झांजा वाजत होत्या. "तुझ्या चेडवान आणलो गणपती डोक्यार घेवन. तिनाच पूजा केल्यान. भटजी कायतरी पुटपुटत होतो, मी म्हटलंय, ही माझ्या पोराच्या पाळयेर बसली हा." माझ्या मुलीने! माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हातमोज्याने डोळे पुसता येत नव्हते. आईने विचारलं, "आणि ता कार्ड? जुनाच ऱ्हवला मा?"

"ऱ्हवला."

"मग झाला," म्हणाली.

संध्याकाळी लालबागला परतलो तर रस्ता माणसांनी फुललेला. जन्म इथे गेला आणि इथला गणपतीचा पहिला दिवस मी पहिल्यांदाच पाहत होतो. एका कुटुंबाने मला थांबवून विचारलं, दर्शनाची रांग कुठून सुरू होते? मला सांगता आलं नाही. घरी जाऊन भात टाकला.

दहा दिवसांनी बाकीची माणसं आली. त्यांनी फोटो काढले, नवी कार्डं घेतली. माझ्या कार्डावर गेल्या वर्षीचा फोटो आहे. मी आता कायमचा मळक्या बाजूला आहे. नंबर मी पाठ करायला घेतलाय. पुढच्या वर्षी हे लोक दुसरी काही युक्ती काढतील, एवढं मला कळतं, आणि एका वर्षाच्या जुन्या कार्डाने माझ्या घरात वीस तारखेनंतर मासळी येणार नाही, हेही कळतं.

ताईची मुलगी वकिलीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने सांगितलं, दरवर्षी त्याच महिन्यात सगळेच राजीनामा देतात आणि दहा दिवसांनी सगळेच परत लागतात, हे कामगार आयुक्तांपुढे मांडता येईल. मावशींच्या नावाने अर्ज करा, साक्षीला तुम्ही उभे राहा. मी म्हटलं, उभा राहतो. माझ्याच अक्षराचे अकरा वर्षांचे कागद कंपनीच्या कपाटात आहेत, माझ्याइतका पक्का साक्षीदार मावशींना कुठे मिळणार? अर्ज मी लिहिला. मराठीत, तीन पानी. कधी मंडळाचा फळा लिहिला नसेल इतक्या सावकाशीने लिहिला. प्रत्येक वर्ष वेगळं मांडलं. मी काय केलं, तेही त्यात घातलं.

रविवारी तो घेऊन मावशींच्या खोलीवर गेलो. त्या खाटेवर पाय पसरून बसल्या होत्या. गुडघ्यांना पट्टे गुंडाळलेले. शेजारणीने पाणी दिलं. मी सगळा अर्ज त्यांना वाचून दाखवला. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही, तोंडाकडे बघत ऐकून घेतलं. वाचून झाल्यावर मी शेवटचं पान त्यांच्यापुढे ठेवलं, खिशातलं पेन काढलं आणि सवयीने म्हणालो, "मावशी, इथे सही करा."

त्यांनी पेन घेतलं नाही. कागद उचलून उशीखाली ठेवले.

"राहू दे आज," त्या म्हणाल्या. "ताईची मुलगी बुधवारी येणार आहे. तिच्याकडून वाचून घेते, मग करते."